पाखरांच्या खोलीत शिरताना आधी नाक वापरा



घरच्या घरी पक्षिपालनाचा जोडधंदा करायचा म्हटलं की प्रश्न ठरलेले असतात. जोडी कितीला पडेल, पिंजरा किती बाय कितीचा घ्यायचा, पिल्लं वर्षातून किती वेळा काढायची, विकायची कुठे. सगळे रास्त प्रश्न आहेत. पण “माझ्या पक्ष्याला वास कसला यायला हवा?” हे फारसं कुणी विचारत नाही. म्हणून आजचा लेख फक्त वासावर.

हसू नका. या धंद्यात तुमचं भांडवल पिंजऱ्यात बसलेलं असतं आणि ते आजारी पडलं तरी सांगत नाही. पोपटवर्गातले हे छोटे पक्षी म्हणजे मुळात दुसऱ्याचं भक्ष्य. थव्यात जो मलूल दिसतो त्याच्यावर शिकाऱ्याची नजर आधी पडते, म्हणून आजार लपवणं त्यांच्या अंगातच असतं. पिसं फुगवून, डोळे मिटून पिंजऱ्याच्या तळाशी बसलेला बजी तुम्हाला दिसला, तर तो आज सकाळी आजारी पडला असं समजू नका. लपवायची त्याची ताकद आज संपली. त्याच्या आधीचे जे काही दिवस असतात ना, त्या दिवसांत काही आजारांची चाहूल डोळ्यांच्या आधी नाकाला लागते. आणि नाकाला पैसे पडत नाहीत.

आधी पक्षी कोणते ते बोलू. आपल्याकडे बाजारात सर्रास ज्याला ‘लव्हबर्ड’ म्हणतात तो बहुतेक वेळा बजरीगर असतो, म्हणजेच बजी, मूळचा ऑस्ट्रेलियाचा. खरा लव्हबर्ड आफ्रिकेकडचा, आखूड शेपटीचा, जाड चोचीचा. तिसरा कॉकाटिएल, डोक्यावर तुरा असलेला, तोही ऑस्ट्रेलियाचा. नवख्या माणसाने या तिघांतूनच सुरुवात करावी असं माझं मत आहे. आपला कंठवाला हिरवा राघू आणि मुनिया यांच्या वाटेला मात्र जाऊ नका. ते आपल्याकडचे वन्य पक्षी आहेत आणि वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार त्यांना पकडणं, पिंजऱ्यात ठेवणं, विकणं हा गुन्हा आहे. दुकान टाकणार असाल तर २०१८ च्या पेट शॉप नियमांप्रमाणे राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते. लव्हबर्डच्या फिशरसारख्या काही जाती आंतरराष्ट्रीय ‘साइट्स’ यादीत येतात, त्यांची नोंद परिवेश पोर्टलवर करावी लागते. कायद्याचा विषय मोठा आहे, इथे एवढंच.

हा वास येतो कुठून?

पक्ष्याच्या शेपटीच्या मुळाशी, पाठीच्या बाजूला, एक बारीक तेलग्रंथी असते. पक्षी मान वळवून चोच तिथे घासतो आणि ते मेणचट तेल पिसापिसाला लावत बसतो. तुम्ही म्हणता “नटतोय”, पण त्याची ती रोजची देखभाल चालू असते. त्या तेलाला स्वतःचा हलका वास असतो. डॅनिएल व्हिटेकर या अमेरिकी शास्त्रज्ञ बाईंनी जंको नावाच्या चिमणीएवढ्या पक्ष्यावर बरीच वर्षं काम केलं. या ग्रंथीत राहणारे जिवाणूही तो वास घडवतात, असं त्यांच्या कामातून दिसलं. २०२२ साली पक्ष्यांच्या वासावर त्यांचं एक पुस्तकही आलं. आपल्या बजीवरही अभ्यास झाला आहे. नर आणि मादी यांच्या तेलातल्या काही घटकांचं प्रमाण वेगळं असतं आणि मादीला तो फरक वासावरून ओळखता येतो. पक्ष्यांना वास येतच नाही असं कितीतरी वर्षं मानलं जायचं, त्या काळापासून आपण बरेच पुढे आलो आहोत.

आपल्या कामाचा मुद्दा असा की वास घडतो तो तेल, जिवाणू, खाणं आणि स्वच्छता या सगळ्यांचा मिळून. यातलं काहीही बिघडलं की वासात फरक पडू शकतो.

कॉकाटिएलची तऱ्हा थोडी निराळी. त्याच्या अंगावर अशी खास पिसं असतात की त्यांचा सतत भुगा होऊन पांढरी पावडर पडते. हातावर घेतलात तर तळहाताला टाल्कम लागल्यासारखं वाटतं, आणि वासही तसाच कोरडा, पावडरीचा. हे आरोग्याचं लक्षण आहे, घाण नव्हे. पण त्याच खोलीत दुसरे पक्षी ठेवत असाल तर हवा खेळती ठेवा, आणि घरात कुणाला दमा असेल तर कॉकाटिएल घेण्याआधी दोनदा विचार करा.

निरोगी पक्ष्याचा वास

तुम्हाला कुणी यादी दिली की बजीला अमुक वास येतो, लव्हबर्डला तमुक, तर ती पाठ करू नका. निरोगी बजीच्या पिसांना साधारण कोरड्या धान्याच्या कोठीसारखा, उन्हात तापलेल्या कपड्यासारखा मंद वास येतो असं मी सांगेन. तुम्हाला तो वेगळा वाटेल, आणि ते चालेल. प्रत्येकाचं नाक वेगळं. अंघोळ केल्यावर ओल्या पिसांना थोडा कुबट वास येतो, पिसं वाळली की तो जातो. न्यूझीलंडचा काकापो नावाचा मोठा पोपट तर इतका दरवळतो की आणलेल्या शिकारी प्राण्यांना तो वासावरूनच सापडायचा. सांगायचं एवढंच की जातीजातीत फरक आहे.

तुमच्या उपयोगाचा आहे तो फरक ‘कालच्यात आणि आजच्यात’ असलेला. त्यासाठी कालचा वास माहीत पाहिजे. पक्षी आणल्यावर पहिले पंधरा दिवस हा अभ्यास करा. सकाळी खोलीचं दार उघडल्याबरोबर, पंखा लावायच्या आणि झाडू हातात घ्यायच्या आधी, उंबऱ्यात उभं राहून एक सावकाश श्वास घ्या. काय जाणवलं ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर एका शब्दात लिहा. ‘कोरडा’, ‘नेहमीचा’, ‘आंबूस’, ‘उग्र’. मग पिंजऱ्यापिंजऱ्याजवळून जा. पक्ष्याच्या चोचीला नाक लावून हुंगायचं नाही, वीतभर अंतर पुरे.

दार उघडल्याबरोबरच का? कारण नाक सरावतं. मासळी बाजारात दहा मिनिटं थांबलं की वास ‘जातो’, तसंच. पक्ष्यांच्या खोलीत रोज दोन तास काम करणाऱ्याला अमोनियाचा उग्र दर्पही जाणवेनासा होतो, आणि तो मनापासून सांगतो, “आमच्याकडे अजिबात वास येत नाही हो.” म्हणून आठवड्यातून एकदा बाहेरच्या माणसाला उंबऱ्यात उभं करा. शेजारच्या काकू, शाळेतून आलेला पुतण्या, कुणीही. त्यांनी नाक मुरडलं तर वाद घालू नका. तुमचं गिऱ्हाईकही तेच नाक घेऊन येणार आहे. तुम्हाला सर्दी झाली असेल तर ते दिवस घरातल्या दुसऱ्या कुणाला हे काम सांगा.

तोंडाला आंबूस वास

इथे जरा थांबून वाचा, कारण नव्या धंदेवाल्याची पिल्लं सगळ्यात जास्त इथेच दगावतात असं मला वाटतं.

पक्ष्याच्या गळ्याखाली, छातीच्या वर एक पिशवी असते, तिला क्रॉप म्हणतात. खाल्लेलं आधी तिथे साठतं, भिजतं आणि मग हळूहळू पुढे सरकतं. ते पुढे सरकायचं थांबलं की काय होईल? इडलीचं पीठ आंबतं तेच. उबदार जागा, ओलं धान्य, आणि वेळ. कँडिडासारखं यीस्ट तिथे वाढतं, पिशवी मऊ फुगलेली राहते आणि तोंडाजवळ आंबट, ताडीसारखा वास येतो. इंग्रजी पुस्तकांतून याला ‘सावर क्रॉप’ म्हणतात.

हाताने भरवून माणसाळलेल्या पिल्लाला भाव चांगला मिळतो, म्हणून तुमच्यापैकी बरेचजण हँडफीडिंगकडे वळतात. त्यात चुका कुठे होतात बघा. पातळ केलेलं खाद्य थंड झालं तरी तसंच भरवलं. खाद्य साधारण ३९ ते ४१ अंश सेल्सिअस असायला हवं आणि ते थर्मामीटरनेच मोजायचं, बोट बुडवून नव्हे. थंड खाद्याने पिशवीचं काम मंदावतं, फार गरम खाद्याने ती आतून भाजते. दुसरं, सकाळी कालवलेलं उरलं म्हणून दुपारी वापरलं. ते फेकायचं, रुपये गेले तरी. तिसरं, एकच सिरिंज सगळ्या पिल्लांच्या तोंडात फिरवली. एकाचा संसर्ग सगळ्यांना पोचवायचा याहून सोपा मार्ग नाही. चौथं, पिशवी रिकामी व्हायच्या आतच पुढचं भरवलं. चोवीस तासांत एकदा, बहुधा रात्रीच्या वेळी, ती पूर्ण रिकामी व्हायलाच हवी. सकाळी पहिलं भरवण्याआधी पिशवी चाचपा, तोंडाजवळचा वास घ्या. पिशवी भरलेली आणि वास आंबट असेल तर पुढचं भरवणं थांबवून डॉक्टरांना फोन. घरगुती औषधं, सोडा, ताक असलं काही चोचीत ओतू नका. पिल्लाच्या श्वासनळीत गेलं तर आजार राहिला बाजूला.

मोठ्या पक्ष्याला असा वास आला तर आणखी काही शक्यता असतात. बजीमध्ये ट्रायकोमोनास नावाच्या सूक्ष्मजीवाचा आजार होतो. पक्षी उलट्या काढतो, मान झटकतो, त्यामुळे डोक्यावरची पिसं चिकट होऊन गुच्छासारखी दिसतात आणि तोंडाला वास मारतो. पाण्याच्या भांड्यातून आणि एकमेकांना भरवण्यातून तो पसरतो. इथे एक गोंधळ टाळा. नर बजी मादीला रिझवताना पोटातलं धान्य वर काढून तिला भरवतो. मान वरखाली करत, शांतपणे, तिच्या चोचीत. ती उलटी नव्हे, तो त्यांचा संसार आहे. आजारातली उलटी इकडेतिकडे उडते, डोक्याला चिकटते. फरक एकदा पाहिलात की विसरणार नाही.

आणि तिसरी गोष्ट खाण्याची. फक्त बाजरी, राळं आणि सूर्यफुलाच्या बिया यांवर महिनोन्‌महिने पाळलेल्या पक्ष्यांना ‘अ’ जीवनसत्त्व कमी पडतं. तोंडाच्या, नाकाच्या आतलं अस्तर जाड, कोरडं होतं, तिथे पू साठतो, तेलग्रंथीही तुंबते. मग तोंडाला दुर्गंधी. उपाय महागडा नाही. किसलेलं गाजर, शेवग्याचा पाला, कोथिंबीर, मेथी रोज थोडी थोडी, धुऊन आणि पाणी निथळून. दोन तासांनी उरलेलं काढून टाका, नाहीतर तेच कुजून वास येईल. कॅल्शियमसाठी पिंजऱ्यात समुद्रफेन लावा. ॲव्होकॅडो पक्ष्यांना विषारी आहे, कांदा-लसूण आणि चॉकलेटही नको.

शीट काय सांगते

निरोगी बजी-लव्हबर्डच्या ताज्या शिटेला जवळपास वास नसतो. तीन भाग दिसतात, हिरवट-तपकिरी घट्ट भाग, पांढरा भाग आणि थोडं पाणी. पिंजऱ्याच्या तळाला छापील रंगीत कागदाऐवजी साधा पांढरा कागद घाला म्हणजे हे नीट दिसतं. ताज्या शिटेलाच सडका वास येत असेल तर आतड्यात जिवाणूंचा संसर्ग असू शकतो. सोबत अख्खं न पचलेलं धान्य दिसत असेल, पक्षी दिवसभर खातोय पण छातीचं हाड धारदार लागतंय, तर बजीमध्ये पोटातल्या एका बुरशीच्या आजाराचा संशय घ्यावा लागतो. जुने पालक त्याला ‘मेगाबॅक्टेरिया’ म्हणतात, पण तो जिवाणू नसून यीस्ट निघाला.

घाबरायचं नाही असा एक अपवाद सांगतो. अंड्यावर बसलेली मादी तासन्‌तास उठत नाही. ती उठली की मोठी, ओलसर आणि चांगलीच वास मारणारी शीट टाकते. हे नैसर्गिक आहे. पहिल्यांदा पाहणारा धावत जाऊन औषध आणतो आणि उबवण मोडून बसतो. मादीचं खाणं-फिरणं ठीक असेल तर तिला तिचं काम करू द्या.

मडक्यातून किंवा लाकडी पेटीतून कुजका वास आला तर मात्र आत बघावंच लागेल. बजीचं अंडं साधारण १८ दिवसांत फुटतं. मुदत उलटून गेलेलं नासकं अंडं किंवा मेलेलं पिल्लू आत राहिलं तर बाकीच्या पिल्लांना धोका. आठवड्याभराने टॉर्चवर अंडी पाहायची सवय लावलीत तर रिकामी अंडी आधीच कळतात.

खोलीचा दर्प आणि पावसाळा

शिटेतल्या पांढऱ्या भागात युरिक ॲसिड असतं. ते ओलं होऊन पडून राहिलं की जिवाणू त्याचा अमोनिया करतात. नाकात झोंबतो तो हाच. कोंबडीपालनात शेडमधला अमोनिया २५ पीपीएमच्या आत ठेवायला सांगतात. आपल्याकडे मोजायचं यंत्र नसतं, म्हणून साधा नियम ठेवा. उंबऱ्यात डोळे किंवा नाक चुरचुरलं म्हणजे उशीर झालेला आहे. पक्ष्यांच्या फुप्फुसांना जोडून हवेच्या पिशव्या असतात, हवा त्यांच्या शरीरात खोलवर फिरते, त्यामुळे आपल्याला जेवढं झोंबतं त्याहून त्यांना जास्त बाधतं. ब्रिटनमधल्या कोळसा खाणींत विषारी वायू ओळखायला कॅनरी पक्षी नेत असत, ते थेट १९८६ पर्यंत. कारण हेच.

कोकणात आणि घाटमाथ्यावर जून ते सप्टेंबर या धंद्याची परीक्षा असते. धान्याच्या पोत्यात हात घातला आणि कोंदट, जुन्या ओल्या भिंतीसारखा वास आला तर ते पोतं बाहेर. ‘उन्हात वाळवून घेऊ’ असा विचार मनात येतो, पन्नास किलोचं पोतं आहे, समजतं मला. पण बुरशीचं विष वाळवून जात नाही. शेंगदाणा आणि मका यांत अफ्लाटॉक्सिन तयार झालं असेल तर ते यकृत खातं, आणि त्या विषाला स्वतःचा वास नसतो. बुरशीचा वास हीच काय ती मिळणारी सूचना, आणि कधी तीही मिळत नाही. ॲस्परजिलस बुरशीचे कण हवेतून फुप्फुसात जातात. पक्ष्याचा आवाज बसतो, श्वासाबरोबर शेपटी वरखाली हलते, तोवर बहुतेक वेळा उशीर झालेला असतो. म्हणून पावसाळ्यात पोतं घेऊच नका. पंधरा दिवसांपुरतं धान्य घ्या, घट्ट झाकणाच्या डब्यात, जमिनीपासून वर. किलोमागे दोन रुपये जास्त गेले तरी चालतील. सूर्यफुलाच्या बिया हातावर चोळून बघा, खवट तेलाचा वास आला तर दुकानदाराला परत.

वास झाकू नका

गिऱ्हाईक येणार म्हणून उदबत्ती लावली, रूम फ्रेशनर मारला, कोपऱ्यात डांबराच्या गोळ्या टाकल्या, फिनेलने फरशी पुसली. घर म्हणून ठीक, पक्ष्यांची खोली म्हणून यातलं एकही नको. धूर आणि उग्र वाफा पक्ष्यांना बाधतात, डासांची कॉइलसुद्धा. आणि धंद्याच्या दृष्टीने बघाल तर तुम्हाला फुकट मिळणारी सूचना तुम्हीच बुजवली. दुकानाच्या हिशेबाच्या वहीत तोट्याचं पान चिकटवून टाकावं तसं झालं ते.

साफसफाईची रीत साधी आहे. कोरडी शीट कधी झाडायची नाही. आधी पाणी शिंपडून भिजवायची, मास्क लावायचा, खरवडून काढायची, मग साबणाच्या पाण्याने धुवायचं. जंतुनाशक लावायचं असेल तर पक्षी दुसऱ्या खोलीत, आणि पिंजरा पूर्ण वाळून वास गेल्यावरच परत. ब्लीचमध्ये फिनेल किंवा ॲसिड मिसळू नका. शीट धुवायच्या आधीच ब्लीच ओतलंत तर अमोनियाशी मिळून घातक वायू तयार होतो, तो तुम्हालाही बाधेल.

नाकाला न कळणारं

एवढं सांगितल्यावर दुसरी बाजूही सांगायलाच हवी. वास हा निदान करत नाही, तो फक्त “इथे बघ” म्हणतो. काही सर्वांत वाईट गोष्टींना वासच नसतो. चोच आणि पिसं खाणारा पीबीएफडी हा विषाणूचा आजार वासाने कळत नाही. सिटॅकोसिस, म्हणजे पोपटताप, पक्ष्याकडून माणसाला होतो. वाळलेल्या शिटेची धूळ श्वासातून गेली की पोचतो आणि ताप, खोकला, न्यूमोनियापर्यंत जातो. भिजवून झाडायचं आणि मास्क लावायचा तो याचसाठी. तुम्हाला किंवा घरच्यांना असा ताप आला तर डॉक्टरांना “आमच्याकडे पक्षी आहेत” हे वाक्य आठवणीने सांगा. स्वयंपाकघरातला नॉनस्टिक तवा रिकामा जास्त तापला तर त्यातून निघणारा वायू आपल्याला जाणवतही नाही, पण पक्षी काही मिनिटांत मरतात. पक्ष्यांची खोली स्वयंपाकघराला लागून नको.

म्हणून नाकाच्या जोडीला एक वजनकाटा घ्या, स्वयंपाकघरातला, एका ग्रॅमपर्यंत दाखवणारा. साधा बजी ३० ते ४० ग्रॅम, लव्हबर्ड ४५ ते ६०, कॉकाटिएल ८० ते १००. आठवड्याला एकदा, ठरलेल्या वेळी, सकाळी खाण्याआधी. वजन दहा टक्क्यांनी उतरलं तर पक्षी वरून कितीही टवटवीत दिसो, त्याला वेगळा करा. बजीच्या बाबतीत दहा टक्के म्हणजे फक्त तीन-चार ग्रॅम, हातावर तोलून कळत नाही.

नवीन पक्षी घेताना

समजा तुमच्याकडे बजीच्या १५ जोड्या आहेत, जोडी ६०० रुपयांप्रमाणे ९,००० रुपयांचं भांडवल. आकडे सोयीसाठी धरले आहेत, तुमच्या गावचा भाव घाला. कुणीतरी दोन जोड्या ४०० प्रमाणे देतो म्हणाला. वाचले ४००. त्या जोड्या तुम्ही त्याच दिवशी मोठ्या पिंजऱ्यात सोडल्या, आणि त्यातल्या एकाच्या तोंडाला आंबूस वास होता. आता ४०० रुपयांसमोर तुम्ही ९,००० आणि या हंगामातली सगळी पिल्लं लावलेली आहेत. असा व्यवहार तुम्ही एरवी कुणाशी केला असता का?

विकत घ्यायला जाल तेव्हा सकाळी जा, न सांगता जाता आलं तर उत्तम. उदबत्तीचा दाट वास असेल तर बाहेर पाच मिनिटं गप्पा मारा आणि पुन्हा आत शिरा. पाण्याचं भांडं उचलून हुंगा, ते बुळबुळीत असेल तर बाकी काही विचारायची गरज नाही. पक्षी हातात घेऊन डोक्यावरची पिसं, शेपटीखालची जागा, तोंडाजवळचा वास बघा. विकणारा कंटाळला तर कंटाळू दे.

घरी आणल्यावर किमान ३० दिवस, जमलं तर ४५, वेगळ्या खोलीत. भांडी वेगळी, काम शेवटी त्यांचं, नंतर हात धुवायचे. जागा नाही म्हणाल तर मी म्हणेन, मग अजून पक्षी घ्यायची वेळ आली नाही.

डॉक्टरांकडे जाताना

तालुक्याच्या ठिकाणी सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना असतो. तिथल्या डॉक्टरांचा रोजचा संबंध गाई-म्हशींशी येतो, त्यामुळे पक्ष्यांची सवय असलेले डॉक्टर जवळच्या शहरात कोण आहेत ते धंदा सुरू करायच्या आधीच शोधून नंबर भिंतीवर लिहा. फोनवर “पक्षी आजारी आहे” एवढ्यावर थांबू नका. वास कुठून येतोय, तोंडातून, शिटेतून की पिसांतून, कोणत्या तारखेपासून, आंबट आहे की सडका, वजन गेल्या आठवड्यात किती होतं आणि आज किती. तुमचं कॅलेंडर इथे कामाला येतं. जाताना शिटेचा कागद घडी न करता डब्यात, आणि खात असलेलं धान्य मूठभर पिशवीत न्या. पक्ष्याच्या पिंजऱ्यावर कापड टाका पण हवा जाऊ द्या.

पक्षी दगावला तर पुरून मोकळे होऊ नका, बाकीचे वाचवायचे आहेत. प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत गुंडाळून, खाण्याच्या वस्तूंपासून वेगळा, फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. फ्रीझरमध्ये नको, गोठल्यावर तपासणी नीट होत नाही. शवविच्छेदनासाठी जवळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय किंवा पुण्यात औंधला असलेला पशुसंवर्धन खात्याचा रोग अन्वेषण विभाग यांच्याकडे कसं पाठवायचं ते तुमच्या पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांना विचारा. पिशवीवर तारीख, पिंजरा क्रमांक आणि शेवटचं वजन लिहायला विसरू नका.